राख, सिमेंट आणि सळई : काँक्रीटमधील गंजप्रतिकाराचा इतिहास (होटगी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

बांधकामाचा इतिहास लिहिताना आपल्याकडे किल्ले, मंदिरे, लेणी आणि वाडे यांचा विचार प्राधान्याने केला जातो. विसाव्या शतकात ज्या पदार्थाने खेड्यापाड्यांचे रूप पालटले त्या सिमेंट-काँक्रीटचा इतिहास मात्र बहुधा अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमापुरता मर्यादित राहिला आहे. वस्तुतः काँक्रीटचा इतिहास हा रेल्वेचा, खनिजांचा, वीजनिर्मितीचा आणि सामान्य माणसाच्या घराचाही इतिहास आहे. दगड-चुन्याची भिंत शतकानुशतके उभी राहते आणि सळईचा स्लॅब तीस-चाळीस वर्षांत पोपडे टाकू लागतो, हा अनुभव आज गावोगावी येतो. त्याचे मुख्य कारण सळईला लागणारा गंज हे होय.

दक्षिण सोलापूर तालुक्यातील होटगी हे गाव या विषयाच्या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे. येथे सिमेंट दळण्याचा कारखाना आहे, जवळच फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळाचा प्रकल्प आहे, आणि या दोहोंना जोडणारे जुने रेल्वे जंक्शनही आहे. कोळशाची राख आणि सिमेंट येथे अक्षरशः शेजारी नांदतात. या सिमेंटविषयी बांधकाम क्षेत्रात एक समज आढळतो. तो असा की राखमिश्रित सिमेंट सळईला मानवत नाही. हा समज कितपत खरा आहे, आणि गंजरोधक स्टेनलेस स्टीलची सळई हा त्यावरील उपाय ठरतो काय, याचा ऐतिहासिक दृष्टीने शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) चुना, सुरखी व राख यांच्या वापराची ऐतिहासिक परंपरा तपासणे.
२) होटगी परिसरात सिमेंट व राख एकत्र येण्याची भौगोलिक व आर्थिक कारणे स्पष्ट करणे.
३) राखमिश्रित काँक्रीटमधील सळईच्या गंजाची मीमांसा करणे.
४) स्टेनलेस स्टीलच्या सळईचा इतिहास पाहून स्थानिक संदर्भात तिची उपयुक्तता व मर्यादा ठरविणे.

सुरखीपासून राखेपर्यंत

चुन्यामध्ये भाजलेल्या मातीची किंवा ज्वालामुखीच्या राखेची भर घातली असता तो पाण्यातही घट्ट होतो, हे ज्ञान प्राचीन आहे. इटलीतील नेपल्सजवळच्या पोझ्झुओली येथील ज्वालामुखीय मातीचा उल्लेख इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रुव्हियस याने केला आहे. याच गावाच्या नावावरून ‘पोझोलाना’ ही संज्ञा रूढ झाली. १७५६ ते १७५९ या काळात जॉन स्मीटन याने इंग्लंडमधील एडिस्टन दीपगृह बांधताना इटलीतून आणलेली अशीच माती चुन्यात मिसळली होती. आपल्याकडे भाजक्या विटांची भुकटी म्हणजे सुरखी हेच कार्य करीत असे. चुना आणि सुरखी यांची घाणीत मळलेली भर दख्खनमधील बांधकामात दीर्घकाळ वापरात होती.

या परंपरेतील एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. जुन्या बांधकामात दगड, वीट आणि चुना यांवर मुख्यतः दाबाचा भार येत असे. त्यांत लोखंडी सळई नव्हती. त्यामुळे सळई गंजण्याचा प्रश्नही नव्हता. जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलँड सिमेंटचे पेटंट घेतले. फ्रान्समध्ये लॅम्बोची काँक्रीटची नाव १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली, मोनिये याने १८६७ मध्ये लोखंडी जाळी घातलेल्या कुंड्यांचे पेटंट घेतले, आणि १८९२ मध्ये हेनेबिक याने प्रबलित काँक्रीटची संपूर्ण पद्धती सिद्ध केली. काँक्रीट दाब सहन करते, पोलाद ताण सहन करते. या दोहोंच्या संयोगाने आडवा, सपाट स्लॅब स्वस्तात शक्य झाला. परंतु याच क्षणी दगड-चुन्याच्या बांधकामात नसलेला एक दुबळा घटक इमारतीच्या पोटात शिरला, असेही म्हणावे लागते.

दगडी कोळशाची भुकटी करून ती भट्टीत जाळण्याची पद्धत विसाव्या शतकात वीज केंद्रांत रूढ झाली आणि धुरासोबत उडणारी बारीक राख मोठ्या प्रमाणात निर्माण होऊ लागली. या राखेचे कण बहुतांशी काचेसारखे व गोलाकार असून त्यांत सिलिका व ॲल्युमिना यांचे प्रमाण अधिक असते. म्हणजे गुणधर्माने ती सुरखीचीच भावंड होय. कॅलिफोर्निया विद्यापीठातील डेव्हिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये काँक्रीटमधील तिच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर अमेरिकेतील हंग्री हॉर्स धरणात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. भारतात रिहंद प्रकल्पात, १९६२ च्या सुमारास, सुमारे १५ टक्के सिमेंटच्या जागी राख वापरली गेली. महाराष्ट्रात घाटघर उदंचन जलविद्युत प्रकल्पाच्या धरणांत, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, रोलरने दाबलेल्या काँक्रीटमध्ये राखेचे प्रमाण सिमेंटपेक्षाही अधिक ठेवण्यात आले. मात्र ही उदाहरणे प्रामुख्याने धरणांच्या अवाढव्य काँक्रीटची आहेत. त्यांत राखेचा मुख्य लाभ उष्णता कमी करण्याचा होता, आणि सळई नव्हती किंवा अल्प होती. धरणातील यश जसेच्या तसे घराच्या स्लॅबला लागू करता येत नाही.

होटगी : चुनखडी, रेल्वे आणि राख

सोलापूर जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसला आहे. बेसॉल्टच्या या थरांत सिमेंटला लागणारी चुनखडी मिळत नाही. पूर्वेस कलबुर्गी जिल्ह्यात मात्र हे थर झिजून भीमा खोऱ्यातील प्राचीन चुनखडी उघडी पडली आहे. सोलापूरच्या प्रत्येक जुन्या घरात दिसणारी शहाबादी फरशी ही त्याच खडकाची देणगी होय. शहाबाद, वाडी, सेडम, मळखेड ही सिमेंटची केंद्रे याच पट्ट्यात उदयास आली. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित असलेले मळखेड आज सिमेंटसाठी प्रसिद्ध आहे.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आणि १८७१ मध्ये रायचूरपर्यंत पोहोचली. पुढे १८८० च्या दशकात होटगीहून विजापूरमार्गे गदगकडे जाणारा मीटरगेज मार्ग सुरू झाला आणि होटगीला जंक्शनचे महत्त्व प्राप्त झाले. हा मार्ग नंतर ब्रॉडगेज झाला. कापूस, भुसार आणि प्रवासी यांसाठी घातलेल्या या लोहमार्गाने शंभर वर्षांनंतर सिमेंट उद्योगालाही स्थान मिळवून दिले.

सिमेंटचा कारखाना दोन भागांत विभागता येतो. चुनखडी भाजून क्लिंकर तयार करण्याची भट्टी खाणीजवळ असावी लागते. परंतु क्लिंकर, जिप्सम व राख एकत्र दळण्याची गिरणी बाजारपेठेजवळ असली तरी चालते. होटगीचे केंद्र हे असे दळण केंद्र आहे. ते ग्रासिम उद्योगाकडे होते, आणि मळखेडचा राजश्री सिमेंट कारखानाही त्याच उद्योगाचा होता. ग्रासिमचा सिमेंट व्यवसाय १ जुलै २०१० पासून अल्ट्राटेक सिमेंट कंपनीत विलीन झाला आणि होटगीचे केंद्रही त्या कंपनीचे झाले.

राख वापरण्यामागे शासकीय धोरणाचाही मोठा वाटा आहे. १९९४ मध्ये केंद्र शासनाने फ्लाय ॲश मिशन सुरू केले. १९९६-९७ मध्ये देशात सुमारे ६ कोटी ८९ लाख टन राख निर्माण झाली आणि तिच्यापैकी १० टक्क्यांहूनही कमी राखेचा उपयोग झाला. उरलेली राख तळ्यांत साचत राहिली. १४ सप्टेंबर १९९९ च्या पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचनेने राखेचा वापर बंधनकारक करण्यास प्रारंभ केला. २००३, २००९ व २०१६ मध्ये तिच्यात बदल झाले आणि ३१ डिसेंबर २०२१ ला नवी अधिसूचना निघाली. २०२१-२२ मध्ये निर्मिती सुमारे २७ कोटी टनांवर गेली असताना वापराचे प्रमाण सुमारे ९६ टक्के झाल्याचे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीवरून दिसते. पोझोलाना सिमेंटमध्ये राखेचे प्रमाण भारतीय मानकानुसार १५ ते ३५ टक्के असते. सोलापूर औष्णिक प्रकल्पाचा ६६० मेगावॅटचा पहिला संच २०१७ मध्ये व तेवढ्याच क्षमतेचा दुसरा संच २०१९ मध्ये व्यापारी तत्त्वावर कार्यान्वित झाला. त्यामुळे राखेचा स्रोत होटगीच्या दारात आला.

तात्पर्य, आज या परिसरात घर बांधणाऱ्या माणसाच्या हाती येणारे सिमेंट बहुधा राखमिश्रित असते. हा त्याच्या निवडीचा भाग राहिलेला नसून चुनखडी, रेल्वे, वीज आणि कायदा यांच्या दीर्घ प्रक्रियेचे ते फलित आहे. म्हणूनच त्या सिमेंटच्या आतील सळई सुरक्षित आहे किंवा नाही, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांपुरता उरत नाही.

राख आणि गंज : समज व वस्तुस्थिती

सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजेच चुना मुक्त होतो. त्यामुळे ताज्या काँक्रीटचा सामू १२.५ ते १३ च्या दरम्यान असतो. अशा अल्कधर्मी परिस्थितीत सळईच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर तयार होतो आणि तो तिचे रक्षण करतो. हे कवच दोन मार्गांनी मोडते. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून सामू ९ च्या खाली आणतो; यास कार्बोनेशन म्हणतात. दुसरा मार्ग क्षारांचा. समुद्राचे खारे वारे, खारे पाणी किंवा न धुतलेली खाडीची वाळू यांतून आलेले क्लोराइड चुना शिल्लक असतानाही कवच भेदते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या २ ते ६ पट असते. त्यामुळे आतून दाब येतो, काँक्रीटला तडे जातात आणि सळई उघडी पडते.

आता राख या व्यवस्थेत काय बदल घडविते ते पाहू. राखेतील सिलिका मुक्त चुन्याशी संयोग पावून अधिक बंधक पदार्थ तयार करते. त्यामुळे काँक्रीटमधील रंध्रे बारीक होतात, पाणी व क्षार आत शिरण्याचा वेग घटतो, आणि ॲल्युमिनामुळे काही क्लोराइड बांधलेही जाते. सागरी बांधकामात राख हितकारक ठरते ती यामुळे. परंतु याच प्रक्रियेत सळईचे रक्षण करणारा चुना खर्ची पडतो. शिवाय ही क्रिया मंद आहे. तिला पाणी आणि वेळ लागतो. पाणी पुरेसे न मारल्यास राख निष्क्रिय राहते, पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि कार्बोनेशन लवकर आत पोहोचते. म्हणजे एकच राख नीट पाणी मिळाल्यास सळईची रक्षक, आणि न मिळाल्यास तिच्या नाशास कारण होऊ शकते. गवंड्यांच्या संशयात सत्याचा अंश आहे तो एवढाच.

आयएस ४५६ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत याची दखल घेतलेली आढळते. साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि राखमिश्रित सिमेंटसाठी किमान १० दिवस पाणी मारण्याची अट त्यात आहे. उष्ण व कोरड्या हवेत साध्या सिमेंटसाठीही १० दिवस सांगितले असून, मिश्र सिमेंटसाठी ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारस आहे. सोलापूरची हवा नेमकी उष्ण व कोरडी आहे, आणि बांधकामाचा हंगाम बहुधा उन्हाळ्याचा, म्हणजेच पाणीटंचाईचा असतो. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या कुटुंबास चौदा दिवस स्लॅबवर आळी भरून पाणी ठेवणे किती कठीण असते, हे सांगावयास नको. सिमेंट नवे झाले, पण पाणी मारण्याची सवय जुन्याच सिमेंटची राहिली, असे या परिस्थितीचे वर्णन करता येईल.

यास आणखी दोन ऐतिहासिक कारणे जोडली गेली. पहिले कारण सळईवरील काँक्रीटच्या आवरणाचे. १९७८ च्या मानकात स्लॅबसाठी किमान आवरण १५ मि.मी. होते, २००० मध्ये ते सौम्य परिस्थितीसाठी २० मि.मी. व मध्यम परिस्थितीसाठी ३० मि.मी. झाले. प्रत्यक्षात सळई थेट सेंट्रिंगच्या पत्र्यावर टेकलेली आढळते. दुसरे कारण सळईच्या प्रकाराचे. थंड अवस्थेत पीळ दिलेली टॉर सळई अनेक दशके सर्वत्र वापरली गेली. पीळ देण्याने तिची ताकद वाढली, परंतु गंजाची प्रवृत्तीही वाढल्याचे आढळले. पुढे तिची जागा टीएमटी सळईने घेतली. तेव्हा जुन्या घरांच्या पडझडीचा सर्व दोष राखेवर टाकणे कालक्रमाशीही विसंगत आहे. राखमिश्रित सिमेंट घराघरांत पोहोचण्यापूर्वीच्या अनेक इमारतींतही हेच पोपडे दिसतात.

किनारपट्टीचा अनुभव

गंजाची तीव्रता समाजास प्रथम कळली ती किनारपट्टीवर. गोव्यात पणजी येथील मांडवी नदीवरील पूल १९७० च्या सुमारास बांधला गेला आणि ५ जुलै १९८६ रोजी, अवघ्या सोळा-सतरा वर्षांत, कोसळला. पूर्वताणित काँक्रीटमधील तारांचा गंज हे त्याचे प्रमुख कारण मानले जाते. मुंबई व वाशी यांना जोडणाऱ्या, १९७३ मध्ये खुल्या झालेल्या ठाणे खाडी पुलातही तारांचा गंज लवकरच आढळला आणि १९९७ मध्ये शेजारी दुसरा पूल उभा करावा लागला. या घटनांनंतर टिकाऊपणा हा विषय भारतीय अभियांत्रिकीत केंद्रस्थानी आला.

सळईस वरून लेप देण्याचा उपाय पुढे आला. १९७३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात एपॉक्सीचा लेप दिलेल्या सळया पुलात वापरण्यात आल्या. परंतु फ्लोरिडा कीज येथील पुलांत, बांधणीनंतर काही वर्षांतच, १९८६ मध्ये अशा सळयाही गंजलेल्या आढळल्या. लेपाला ओरखडा पडला की गंज त्याच ठिकाणी एकवटतो. आपल्या घरातील पितळेच्या भांड्यांची कल्हई आणि स्टेनलेसची भांडी यांतील भेद येथे समजून घेण्यास उपयोगी आहे. कल्हई उडाली की भांडे पुन्हा कल्हईवाल्याकडे न्यावे लागते. स्टेनलेसमध्ये संरक्षण वरून लावलेले नसून धातूच्या अंगचेच असते. स्लॅबच्या पोटातील सळईला पुन्हा कल्हई करता येत नाही, हा यातील कळीचा मुद्दा होय.

स्टेनलेस सळईचा इतिहास

१९१२-१३ च्या सुमारास जर्मनीत क्रुप कारखान्यातील माउरर व स्ट्राउस यांनी आणि इंग्लंडमध्ये शेफील्ड येथील हॅरी ब्रिअर्ली याने क्रोमियमयुक्त गंजरोधक पोलादे स्वतंत्रपणे विकसित केली. पोलादात सुमारे १०.५ टक्के किंवा अधिक क्रोमियम असल्यास त्यावर क्रोमियम ऑक्साइडचा थर आपोआप तयार होतो व ओरखडा पडल्यास हवेच्या सान्निध्यात पुन्हा भरून येतो. मेक्सिकोत युकातान प्रांतातील प्रोग्रेसो बंदराचा धक्का १९३७ ते १९४१ या काळात बांधला गेला. त्यात निकेल व क्रोमियमयुक्त स्टेनलेस सळया दोनशे टनांहून अधिक वापरल्या होत्या. १९९९ मध्ये झालेल्या तपासणीत, क्लोराइडचे प्रमाण भरपूर असूनही, या सळयांना लक्षणीय गंज लागला नसल्याचे आढळले. याउलट शेजारी कित्येक वर्षांनंतर साध्या सळईने बांधलेला धक्का नष्ट झालेला होता. पुढे हाँगकाँगमधील स्टोनकटर्स पुलात (२००९) आणि हाँगकाँग-झुहाई-मकाऊ पुलात (२०१८) ही सळई वापरली गेली. भारतात तिच्यासाठी आयएस १६६५१ हे मानक २०१७ मध्ये निघाले. ६ एप्रिल २०२५ रोजी उद्घाटन झालेल्या तमिळनाडूतील नव्या पांबन रेल्वे पुलातही स्टेनलेस सळईचा वापर करण्यात आला आहे.

राखमिश्रित काँक्रीटच्या संदर्भात या सळईचे महत्त्व वेगळे आहे. साध्या सळईचे कवच चुन्याच्या आधारावर उभे असते, आणि राख तोच चुना वापरते. स्टेनलेसचे कवच मात्र सामू उतरला तरी टिकते व क्लोराइडही कित्येक पट अधिक सहन करते. म्हणजे राखेने काँक्रीट घट्ट करावे आणि अल्कधर्म कमी झाल्याची उणीव सळईने स्वतः भरून काढावी, असा हा संयोग परस्परपूरक ठरतो. तथापि तिची किंमत साध्या सळईच्या कित्येक पट आहे. त्यामुळे पुलाच्या ज्या भागावर लाटांचे तुषार सतत उडतात तेवढ्याच भागात ती वापरावी, अशी पद्धत जगभर रूढ झाली. काँक्रीटमध्ये साधी व स्टेनलेस सळई एकमेकींस जोडल्यास साध्या सळईचा गंज फारसा वाढत नाही, असे प्रयोगांतून आढळल्याने हा मार्ग व्यवहार्य ठरला.

होटगी-सोलापूर परिसरास समुद्र नाही. येथील मुख्य शत्रू कार्बोनेशन हाच आहे. आणि तोही जेथे ओल आहे तेथेच गंज घडवितो. गळकी गच्ची, न्हाणीघर, पाण्याची टाकी ही ती ठिकाणे होत. सर्वसामान्य घरासाठी येथे स्टेनलेस सळईची शिफारस करणे म्हणजे वास्तवाकडे पाठ फिरविणे ठरेल. मात्र सोलापूरच्या वस्त्रोद्योगातील रंगकामात मीठ व विरंजक द्रव्ये वापरली जातात. अशा रंगशाळांची जमीन, सांडपाण्याच्या टाक्या, तसेच सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या उंच टाक्या यांसारख्या ठिकाणी, दुरुस्तीचा पुढील खर्च विचारात घेता, तिचा मर्यादित वापर तपासून पाहण्याजोगा आहे.

निष्कर्ष

१) राखमिश्रित सिमेंट हा पूर्णतः नवा प्रयोग नसून चुना-सुरखीच्या परंपरेचा औद्योगिक विस्तार आहे. नवी आहे ती त्यातील सळई.
२) होटगी येथे सिमेंट व राख एकत्र येण्यामागे भीमा खोऱ्यातील चुनखडी, एकोणिसाव्या शतकातील लोहमार्ग, एकविसाव्या शतकातील वीज प्रकल्प व १९९९ नंतरचे पर्यावरणीय धोरण ही कारणे आहेत.
३) राख सळईला मारक आहे हा समज अर्धसत्य आहे. पुरेसे पाणी व योग्य आवरण मिळाल्यास ती हितकारक, अन्यथा अपायकारक ठरते.
४) स्टेनलेस सळई राखमिश्रित काँक्रीटशी गुणधर्माने सुसंगत आहे, परंतु तिचे क्षेत्र किनारपट्टी व क्षारयुक्त औद्योगिक बांधकामे हेच आहे.
५) सोलापूरसारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात सळईचे आयुष्य धातूपेक्षाही पाण्यावर अधिक अवलंबून आहे.

शासनाने राखेचा वापर सक्तीचा केला, ही पर्यावरणाच्या दृष्टीने योग्यच गोष्ट झाली. परंतु त्या राखेस आवश्यक असणारे चौदा दिवसांचे पाणी कोणी द्यावयाचे, याची तरतूद कोणत्याही अधिसूचनेत नाही. तो भार घरमालकावर आणि गवंड्यावर पडला. वीज केंद्राची अडचण दूर झाली, कारखान्याचे क्लिंकर वाचले, आणि उणिवेची किंमत मात्र तीस वर्षांनंतर छताखाली राहणारे कुटुंब मोजणार आहे. घरकुल योजनांच्या अनुदानात पाणी मारण्याचा खर्च स्वतंत्रपणे धरणे आणि तालुका पातळीवर गवंड्यांना आवरणाचे व पाण्याचे प्रशिक्षण देणे, हे उपाय स्टेनलेस सळईच्या तुलनेत अत्यल्प खर्चाचे आहेत. परिसरातील अभियांत्रिकी व सामाजिक शास्त्रांच्या महाविद्यालयांनी संयुक्तपणे जुन्या स्लॅबची पाहणी करून त्यांचे बांधकामवर्ष, सिमेंटचा प्रकार आणि गंजाची स्थिती यांची नोंद केल्यास या विषयास भक्कम स्थानिक आधार प्राप्त होईल.